मानेवाडा (नागपूर), वरचा मजला: दोन एसींच्या कामाच्या नोंदी

२ एप्रिल, पाहणी

दुमजली घर, काम वरच्या मजल्यावर. पश्चिमेची खोली (खोली १) १२ × १३ फूट, उंची १० फूट. वर थेट स्लॅब, त्यावर काहीच नाही. पश्चिमेची भिंत नऊ इंची विटांची, त्यात ४ × ४ ची खिडकी आणि खिडकीत कूलर. इथे नवा एसी लावायचा आहे. शेजारच्या खोली २ मध्ये जुना, ठरावीक वेगाचा दीड टनी एसी आहे. तो "दुपारी बंद पडतो", त्याची पाहणी नंतर.

संध्याकाळी सात वाजता इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं. छताची खालची बाजू ४२ अंश, पश्चिमेची भिंत आतून ३८. ऊन उतरल्यावरही छत तापत राहतं, कारण स्लॅबमध्ये साठलेली उष्णता आत पोचायला काही तास लागतात. दुकानात फक्त चौरस फूट सांगून टन ठरवतात, त्यात हे छत कुठेच येत नाही.

ढोबळ हिशेब असा. खोली २६ वर ठेवायची म्हटलं तर छत आणि खोलीत १६ अंशांचा फरक. छत साडेचौदा चौरस मीटर, आतल्या पृष्ठभागावरून चौरस मीटरला दर अंशी सुमारे ६ वॉट धरले तर नुसत्या छतातून १.४ किलोवॅट. भिंतीतून सुमारे ०.९. दोन माणसं, काच, दिवे, पंखा, फटींतून येणारी गरम हवा मिळून आणखी एक-सव्वा. एकूण साधारण साडेतीन किलोवॅट.

एक टन म्हणजे ३.५२ किलोवॅट, म्हणजे एक टनी एसी कागदावर जेमतेम बसतो. पण कागदावरची क्षमता बाहेर ३५ अंश असतानाची असते. बाहेर ४५-४६ झालं की ती घसरते आणि एक टनी यंत्र नेमकं गरजेच्या वेळी कमी पडतं. दीड टन ठरवला. दोन टन नको. जुलैत भार निम्म्यावर येतो तेव्हा मोठं यंत्र पटकन खोली थंड करून मंदावतं, हवेतला दमटपणा तसाच राहतो आणि पांघरूण ओलसर लागतं.

स्टार लेबलबद्दल एक गोष्ट इथल्यांनी लक्षात ठेवावी. आयएसईईआरचा (हंगामभराच्या कार्यक्षमतेचा) आकडा वर्षाला १६०० तास आणि बाहेर २४ ते ४३ अंश धरून काढतात. नागपूरच्या मे महिन्यातल्या ४३ च्या वरच्या दुपारी त्या हिशेबात नाहीत. त्यामुळे पाच स्टार घ्यावाच, पण माहितीपत्रकात ४६ अंशांना किती क्षमता उरते तो आकडाही मागावा. देत नसतील तर दुसरं मॉडेल पाहावं. निवड: दीड टन, इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारा), आर-३२ गॅस, दोन्ही कॉइल तांब्याच्या.

५ एप्रिल, वीज

मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, अंतर १४ मीटर. खोलीतल्या आहे त्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर एसी लावायचा आग्रह होता, तो मान्य केला नाही. ते सॉकेट गीझरच्या लाइनवर आहे.

वायर ४ चौरस मिलीमीटर तांब्याची. अडीचची चालेल असं घरच्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं. व्होल्टेजच्या घटीपुरतं ते बरोबरच आहे: जाऊन-येऊन २८ मीटरला १० अँपिअरवर अडीचच्या वायरीत घट दोन व्होल्टच्या आसपास, चारच्या वायरीत सव्वा. तेवढ्याने काही बिघडत नाही. प्रश्न कंड्युटच्या (वायरीच्या पाइपाच्या) तापमानाचा आहे. ते स्लॅबलगत आणि पश्चिमेच्या भिंतीतून जातं. पीव्हीसी वायरीची क्षमता ५० अंश परिसरात सुमारे ०.७ पट होते. अडीचची वायर भिंतीतल्या पाइपात १८ ते २० अँपिअर धरली तर उरतात १३-१४, आणि समोर एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) २० अँपिअरचा. वायर तापेल तरी एमसीबी पडणार नाही. म्हणून चार.

एमसीबी २० अँपिअर, सी कर्व्ह (सुरू होतानाचा क्षणिक झटका सोसणारा). खोलीत एसी बॉक्स, थेट जोडणी, प्लग-टॉप नाही. न्यूट्रल ते अर्थ मोजलं: १.८ व्होल्ट, ठीक. पाचच्या वर आलं असतं तर आधी अर्थिंग नाहीतर न्यूट्रलचा सांधा पाहावा लागला असता. इन्व्हर्टरचा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जळण्यामागे बहुतेकदा न्यूट्रल ढिला झालेला असतो. मीटरपेटीतला किंवा खांबावरचा सांधा सुटला की २३० च्या जागी ३०० च्या वर व्होल्ट येऊ शकतात. मीटरपेटीतले स्क्रू आज आवळून घेतले, न्यूट्रलचा अर्धा फेरा फिरला.

११ एप्रिल, जागा आणि भोक

आउटडोअरसाठी तीन जागा सुचवल्या गेल्या. पश्चिमेची भिंत जवळ पडते, पण दुपारी दोन ते सहा थेट ऊन. जिन्यालगतचा डक्ट सावलीत, पण तीन बाजूंनी बंद, फेकलेली गरम हवा पुन्हा मागून आत ओढली जाईल. उत्तरेचा सज्जा ठरवला. पाइप लांबून साडेचार मीटर होतो, तरी हीच जागा बरोबर. मागे २० सेंटिमीटर, समोर मोकळं, आणि मुख्य म्हणजे कूलरपासून दूर. कूलरचे तुषार आणि गळती कंडेन्सरवर (आउटडोअरमधल्या, उष्णता बाहेर फेकणाऱ्या कॉइलवर) पडली की बोअरच्या पाण्यातला क्षार पत्र्यांवर बसतो. खोली २ च्या आउटडोअरवर तो पांढरा थर लांबूनही दिसतो आहे.

स्टँड सज्ज्यावर, पायांखाली रबरी पॅड, एम-१० चे अँकर फास्टनर चार. सज्जा आरसीसीचा असल्याची खात्री टिचक्या मारून नाही, ड्रिलच्या भुशावरून केली. राखाडी भुसा आणि खडी लागली तर काँक्रीट, लाल भुसा आला तर वीट. विटेत अँकर धरत नाही, तिथे आरपार बोल्ट आणि मागे पट्टी लागते.

इनडोअर उत्तरेच्या भिंतीवर, पलंगाच्या पायथ्याच्या बाजूला, जमिनीपासून साडेसात फुटांवर. वर किमान १५ सेंटिमीटर मोकळे हवेतच, हवा वरूनच ओढली जाते. छताला चिकटवून लावलेला एसी देखणा दिसतो आणि अर्ध्या हवेवर चालतो.

६५ मिलीमीटरचं कोअर, बाहेरच्या बाजूला ७ मिलीमीटर उतार देऊन. भोकात पीव्हीसीचा स्लीव्ह. पाइप गेल्यावर दोन्ही तोंडं पुटीने बंद करायची. राहिली तर पावसाचं पाणी आत येतं, पालीही येतात.

१२ एप्रिल, कॉपर, फ्लेअर, नायट्रोजन

पाइप पाव इंची आणि अर्धा इंची, जाडी ०.८ मिलीमीटर. बाजारात ०.६ चा पाइपही "एसीचाच" म्हणून मिळतो, तो आर-२२ च्या दाबांच्या काळात चालून जायचा. आर-३२ मध्ये कंडेन्सर ६० अंशांवर गेला की दाब ५५० पीएसआयच्या घरात जातो. दोन्ही पाइपांवर वेगवेगळं इन्सुलेशन. एकाच नळीत दोन्ही कोंबले की आपसात उष्णता देतात.

गॅस गळतीची मोठी शंका नेहमी फ्लेअरच्या (पाइपाचं टोक फाकवून नटाने जोडतात त्या) जागीच असते, म्हणून हे सविस्तर. पाइप ट्यूब कटरनेच कापायचा, हॅक्सॉने नाही. कटरचं चाक एका दमात आवळलं तर टोक आत दबतं. दर फेऱ्याला थोडं थोडं. कापल्यावर आतल्या कडेला बारीक ओठ उरतो, तो रीमरने काढायचा. काढताना पाइपाचं तोंड खाली धरायचं, नाहीतर तांब्याचे कण आत जाऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या जाळीत बसतात. नट आधी पाइपावर चढवायचा (हे विसरलेला फ्लेअर कापून टाकावा लागतो). मग फ्लेअर. बाहेरचा व्यास पाव इंचीला ८.७ ते ९.१ मिलीमीटर, अर्धा इंचीला १६.२ ते १६.६. कॅलिपर लावून पाहिलं: ८.९ आणि १६.४. लहान झाला तर नटाखाली पकड कमी, मोठा झाला तर नट चढताना कड चिरते. आतला पृष्ठभाग आरशासारखा हवा. एखादी बारीक रेघ दिसली तर तो फ्लेअर कापायचा, "आवळल्यावर बसेल" म्हणायचं नाही.

बसवताना फ्लेअरच्या पाठीला, म्हणजे नट घासतो तिथे, तेलाचा थेंब. पहिले तीन-चार फेरे हाताने. हाताने फिरत नसेल तर आटा तिरका चढला आहे. शेवटी टॉर्क पाना: पाव इंचीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, अर्धा इंचीला ४९ ते ६१. दोन पाने लागतात, एक धरायला, एक आवळायला. एकाच पान्याने ओढलं की इनडोअरचा पाइप पिळतो. जोर लावून आवळलेला पाव इंची नट लावल्या दिवशी गळत नाही. महिन्या-दोन महिन्यांत बारीक चीर पडून गळतो, आणि मग दोष कंपनीच्या गॅसला जातो.

नायट्रोजन रेग्युलेटरमधूनच. ऑक्सिजन कधीही नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होतो, आणि वेल्डिंगवाल्याकडे तोच सिलिंडर हाताशी असतो म्हणून हे लिहून ठेवावं लागतं. आउटडोअरचे व्हॉल्व्ह बंदच ठेवून पाइप आणि इनडोअरमध्ये आधी १०० पीएसआय, साबणाचं पाणी, मग ४००. संध्याकाळी सहा वाजता गेज ४००, सावलीत ४३ अंश. रात्रभर ठेवला.

१३ एप्रिल, व्हॅक्यूम आणि सुरुवात

सकाळी सहाला गेज ३८१. घरच्यांना वाटलं गळती. पण पहाटेचं तापमान २९. बंद जागेतल्या वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात उतरतो: ४१४.७ ला ३०२ ने गुणून ३१६ ने भागलं की ३९६, त्यातून हवेचा १४.७ वजा, म्हणजे ३८१-३८२. १९ पीएसआयची घट पूर्णपणे थंडाव्याची आहे. नागपूरच्या एप्रिलमध्ये दिवस-रात्रीत १४-१५ अंशांचा फरक पडतो, त्यामुळे गेजसोबत दोन्ही वेळचं तापमान लिहिलं नसेल तर रात्रभराच्या चाचणीला अर्थ नाही.

नायट्रोजन सोडला, दोन टप्प्यांचा व्हॅक्यूम पंप, पंपाचं तेल ताजं. "पंधरा मिनिटं लावला" हे माप नाही. मायक्रॉन गेज (आकडा जितका कमी, तितकी आत उरलेली हवा कमी) ५०० च्या खाली जायला हवा. २५ मिनिटांत ३२० वर आला. पंप अलग करून दहा मिनिटं थांबलो: ४१० वर स्थिर. चढून दीड हजाराच्या आसपास थांबला असता तर ओल, थांबलाच नसता तर गळती. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून पाइपातली हवा "पर्ज" करण्याची पद्धत अजून चालते. ती इथे नको. आत राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल बनवते, हवा कंडेन्सरमध्ये अडकून दाब वाढवते, आणि आर-३२ सौम्य का होईना पण ज्वलनशील आहे.

लिक्विड व्हॉल्व्ह अ‍ॅलन कीने पाव फेरा उघडून काही सेकंद दाब येऊ दिला, होज काढला, मग दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडले. टोप्या पान्याने आवळल्या. टोपी हा धुळीचा झाकणतुकडा नाही, गळतीचं दुसरं सील आहे. वाढीव गॅस नाही: या मॉडेलच्या पुस्तिकेत पाच मीटरपर्यंत भरलेला गॅस पुरतो, आपला पाइप साडेचार. त्यापुढे मीटरला साधारण २० ग्रॅम, तेही पुस्तिका पाहून आणि वजनकाट्यावर.

जोडणीची केबल चार कोअर. दोन्हीकडचे १, २, ३ क्रमांक जुळवून. फेज-न्यूट्रल बरोबर आणि सिग्नलची वायर उलटी असेल तर इनडोअर चालू होतो, पंखा फिरतो, दोन-तीन मिनिटांनी कम्युनिकेशनचा एरर येतो.

बाहेर ४१ असताना टेस्ट मोडमध्ये २० मिनिटांनी: आत ओढली जाणारी हवा ३३, बाहेर पडणारी १७, करंट ६.९ अँपिअर, सक्शन (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) १३८ पीएसआय. सोळा अंशांचा फरक पाहून खूश व्हायचं कारण नाही. हवा कोरडी आहे, यंत्राची सगळी ताकद तापमान उतरवण्यात जाते आहे. हाच एसी जुलैत दहा-अकरा दाखवेल आणि तेव्हाही निरोगी असेल.

ड्रेन: आत्ता ड्रेनमधून थेंबही येत नाही, आणि येणारही नाही. बाहेर ४५ अंश, आर्द्रता १२ टक्के अशा हवेचा दवबिंदू ९ अंशांच्या आसपास असतो. कॉइल त्यापेक्षा गरम, तर पाणी जमणार कुठून? म्हणून एप्रिल-मेमध्ये लावलेल्या एसीच्या ड्रेनची चूक जूनअखेरपर्यंत झाकलेली राहते. ट्रेमध्ये बाटलीने दोन लिटर पाणी हळूहळू ओतलं, सगळं सज्ज्याबाहेर आलं. पाइपाला मीटरमागे एक सेंटिमीटरपेक्षा जास्त उतार, मध्ये कुठेही पोट नाही, टोक बादलीत बुडवलेलं नाही.

१७ एप्रिल, वापराच्या सूचना

खिडकीतला कूलर पहिला मुद्दा. एसी चालू असताना त्याच खोलीत कूलर लावला की कूलर हवेत जेवढी वाफ टाकतो तेवढीच एसीला पुन्हा पाणी करून काढावी लागते. वीज दोन्हीकडे जाते, गारवा एकाचाही मिळत नाही. कूलर बंद करून नुसता तसाच ठेवला तर वाळ्याच्या ताट्यांतून बाहेरची गरम हवा येत राहते. कूलर काढून खिडकीला शटर, कडांना फोमची पट्टी. दुपारी माणसं हॉलमध्ये असतील तर तिथे कूलर चालवा. कोरड्या उन्हाळ्यात हॉलसाठी त्याच्याइतकं स्वस्त काही नाही.

तापमान २५-२६, सोबत छताचा पंखा सर्वांत कमी वेगावर. १ जानेवारी २०२० पासून रूम एसी कारखान्यातून २४ वर लावूनच येतात. १६-१८ केल्याने खोली लवकर थंड होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ पूर्ण जोरावर राहतो. रिमोटने बंद करा, एमसीबीने नाही. जाळी दर पंधरा दिवसांनी. रस्त्याचं काम चालू असेल तर दर आठवड्याला.

८ मे, खोली २, जुना एसी

तक्रार: दुपारी तीन-चारच्या सुमारास कॉम्प्रेसर बंद, पंखा चालू, दहा-पंधरा मिनिटांनी परत सुरू. याआधी कोणीतरी दोनदा "गॅस टॉप-अप" करून पैसे नेले आहेत. यंत्र आर-४१०ए, ठरावीक वेगाचं.

गेज लावला: सक्शन १५०. गॅस कमी असता तर हा आकडा खाली असता. करंट ९.४, प्लेटवरच्या आकड्याच्या बराच वर. दोन्ही चढे, म्हणजे कंडेन्सर उष्णता फेकू शकत नाही. सील बंद यंत्रातला गॅस खर्च होत नसतो. कमी झाला असेल तर गळती आहे, ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. आणि कमी झालेलाच नसताना भरला, तर हेच होतं.

आउटडोअर उघडला. पत्र्यांच्या मागच्या अर्ध्या भागात धूळ आणि क्षार मिळून घट्ट थर, नखाने टोकरला तर पापुद्रा सुटतो. पीसीबी आणि टर्मिनल प्लास्टिकने झाकून, पंखा काढून, आतून बाहेर पाणी मारलं. बाहेरून आत मारलं की घाण मधल्या रांगेत ठासते. जेट पत्र्यांना सरळ, तिरका धरला तर पत्रे लोळतात. लोळलेले फिन-कंगव्याने सरळ केले. क्षाराला अ‍ॅसिड वापरलं नाही. फेस येऊन कॉइल चकाचक दिसते आणि पुढच्या एक-दोन हंगामांत अ‍ॅल्युमिनियम झडायला लागतं. सौम्य कॉइल क्लीनर, वीस मिनिटं, दोनदा. शेवटचं पाणी बोअरचं नाही, नळाचं.

कॅपॅसिटर: छापील ५० मायक्रोफॅरड, मोजल्यावर ४१. पाच टक्क्यांपर्यंतची घट चालते, ही अठरा टक्के आहे. सुरू होताना कॉम्प्रेसर नुसता घुमतो, करंट खेचतो आणि ओव्हरलोड (कॉम्प्रेसरला वाचवणारा स्विच) पडतो. गरम आउटडोअरमध्ये कॅपॅसिटर लवकर मरतात. बदलण्याआधी इन्सुलेट केलेल्या रेझिस्टरने डिस्चार्ज, स्क्रूड्रायव्हर टेकवून नाही.

सगळा गॅस रिकव्हरी मशिनने (गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरणाऱ्या यंत्राने) काढून प्लेटवरच्या वजनाइतका काट्यावर भरला, सिलिंडर उलटा धरून द्रव रूपात. आर-४१०ए दोन वायूंचं मिश्रण आहे, वाफेच्या रूपात भरलं तर प्रमाण थोडं सरकतं.

नंतर, बाहेर ४३: सक्शन १२८, करंट ७.८. इनडोअरचा ब्लोअर आज काढता आला नाही, बुशचा स्क्रू गंजला आहे. ट्रे वरवर पुसला, पाऊस सुरू व्हायच्या आत पूर्ण करायचं.

२७ मे, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस)

दुपारी चार. सावलीत ४५.५. खोली १ च्या आउटडोअरच्या मागे, हवा आत जाते तिथे मात्र ४८.५. तीन अंश जास्त का, तर घरच्यांनी उन्हापासून वाचवायला हिरवी जाळी बांधली आहे, आउटडोअरच्या समोर हातभर अंतरावर. गरम हवा जाळीला आदळून परत मागे जाते. जाळी सोडून वर, एक मीटर उंचीवर आडवी बांधली. अर्ध्या तासाने ४६. सावली डोक्यावर हवी, तोंडावर नको.

सेटिंग २५, खोली २७.५. करंट ८.१, त्यावर चढत नाही: इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला वेग मर्यादित करतो. हा बिघाड नाही, या हवेत गॅस तपासायला गेज लावूही नये. वेग बदलत्या कॉम्प्रेसरचा एका क्षणाचा दाब काहीच सांगत नाही, आणि दर वेळी होज लावताना थोडा गॅस जातोच.

आउटडोअरवर पाण्याची नळी सोडायचा विचार चालला होता. तात्काळ फरक पडतो हे खरं. पण ते पाणी बोअरचं. खोली २ चा कंडेन्सर कशाने भरला ते नुकतंच पाहिलं.

खरा फरक छतानेच पडला. गच्चीवर चुन्याचे दोन हात (चुना, पांढरं सिमेंट, थोडा डिंक) परवा मारून झाले. संध्याकाळी सातला छत खालून ३७, एप्रिलमध्ये ४२ होतं, आणि बाहेर आता जास्त ऊन आहे. आधीच्या हिशेबाने छताचा भार १.४ वरून ०.९-१ किलोवॅटवर आला.

सबमीटर: रात्री १० ते ६, २५ अंशांवर ६.८ युनिट. दुसऱ्या रात्री २७ आणि पंखा, ५.१. दोन्ही रात्री तंतोतंत सारख्या नव्हत्या, पण महिन्याला पन्नासेक युनिटांचा फरक धरायला हरकत नाही. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. ३०० च्या काठावरच्या घराला हे पन्नास महागात पडतात.

२९ जून, पाऊस

खोली २ मध्ये इनडोअरच्या उजव्या कोपऱ्यातून भिंतीवर ओघळ. मेमध्ये राहिलेलं काम वर आलं. ट्रेच्या तोंडाशी जेलीसारखा चिकट थर, आणि बाहेर ड्रेन पाइपाला पोट पडून त्यात पाणी अडलेलं. पाणी अडलं की मागे हवा कोंडते, ट्रे भरतो. उन्हाळाभर या पाइपातून काही वाहिलंच नाही, त्यामुळे कोणाला कळायचं कारण नव्हतं. आता दीड टनी एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढतो.

गंजलेला स्क्रू तेल घालून सोडवला, ब्लोअर बाहेर काढला. पात्यांच्या पोकळीत धुळीचे काळे पट्टे होते, कुबट वास त्यांचाच. धुऊन, सुकवून, परत. ट्रे ब्रशने घासला. ड्रेनमधून बाहेरच्या बाजूने व्हॅक्यूम क्लीनर लावून ओढलं. आतून फुंकलं असतं तर घाण ट्रेतच परत आली असती. पाइपाला दर दोन फुटांवर क्लॅम्प.

खोली १ कोरडी. परतीची हवा २८, सोडलेली १७.५. साडेदहा अंश. फोनवर "गारवा कमी झाला, गॅस गेला का" असं विचारलं होतं. गेला नाही, आता बरीच ताकद पाणी काढण्यात जाते. रात्री बाहेर २६-२७ आणि चिकचिक असेल तेव्हा ड्राय मोड लावावा. तो मेमध्ये निरुपयोगी, आत्ता कामाचा.

१४ ऑगस्ट

खोली २ बंद. एमसीबी पडतो. आउटडोअरच्या टर्मिनलवर पाल चिकटून मेलेली, दोन टर्मिनलांमध्ये कोळसा झालेला. साफ करून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला: ५० मेगाओहमच्या वर, कॉम्प्रेसर सुखरूप. केबलच्या भोकाला ग्रोमेट (रबरी कडं) नव्हता, बसवला. खोली १ लाही तपासला, तिथे आहे.

२४ ऑक्टोबर, हंगाम बंद करताना

ऑक्टोबरची गर्मी ओसरली. दोन्ही एसी कोरड्या दुपारी दोन-तीन तास फक्त फॅन मोडवर चालवले, कॉइल आणि ब्लोअर पूर्ण सुकले पाहिजेत. जाळ्या धुऊन सावलीत वाळवल्या. आउटडोअरला वरून पत्र्याची टोपी, पूर्ण गुंडाळायचं नाही. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि उंदरांना घर मिळतं.

खोली २ चा एसी पुढच्या वर्षी खाली हलवायचा विचार आहे. तेव्हाच्या माणसासाठी पंप-डाउनचा (सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करण्याचा) क्रम: कूलिंगवर चालू, लिक्विड व्हॉल्व्ह बंद, सक्शनचा काटा शून्याच्या थोडा वर असतानाच सक्शन व्हॉल्व्ह बंद, लगेच वीज बंद. कुठे फ्लेअर ढिला असेल, पाइप तुटलेला असेल किंवा गळतीची शंका असेल तर पंप-डाउन करायचंच नाही. कॉम्प्रेसर हवा ओढतो, हवा आणि तेलाची वाफ दाबली जाऊन तो फुटू शकतो. अशा वेळी रिकव्हरी मशीन. पाइप काढले की दोन्ही तोंडांना लगेच टोप्या.

एमसीबी खाली केले, रिमोटचे सेल काढले. फेब्रुवारीअखेर सुरू करताना एमसीबी आदल्या रात्री वर करून ठेवायचा, एसी सकाळी. आणि तेव्हाही ट्रेमध्ये दोन लिटर पाणी ओतून पाहायचं.